एका कौलाचा पंचनामा

आगोट जवळ आली की कोकणातल्या वाडीत दोन आवाज हमखास कानावर येतात. एक लाकडं फोडल्याचा, दुसरा कौलावर कौल ठेवल्याचा. लाकडं पडवीत रचायची असतात आणि घर शाकारायचं असतं. पाख्याला शिडी लावलेली, वर एक जाणता माणूस रिपांवर पाय देऊन उकिडवा बसलेला, खाली अंगणात घरातली दोन माणसं कौलं हातोहात देत-घेत असतात. वरचा माणूस प्रत्येक कौल उचलतो, पालथं करतो, खाचेत साचलेला पाला आणि शेवाळ काढतो आणि बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारतो. खणखणीत आवाज आला तर कौल परत जागेवर. बद्द आवाज आला तर त्याला केसाएवढी चीर गेलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही, पहिल्या जोराच्या सरीला दिसते. असं कौल बाजूला जातं आणि त्याच्या जागी परसातल्या थप्पीतलं दुसरं चढतं. दिवसभरात शेकडो कौलं अशी त्याच्या हाताखालून जातात.

पूर्वी गवताची, पेंढ्याची छपरं शाकारली जात. नंतर कौलं आली, क्रियापद मात्र तेच राहिलं. शाकारणी म्हणजे नवं छप्पर घालणं नव्हे, आहे त्या छपराची दर वर्षी विचारपूस करणं. आणि नेमकी हीच गोष्ट आज मागे पडते आहे. हात लावायला माणूस मिळत नाही, मिळाला तर दोन-तीन वाड्यांत तो एकटाच असतो आणि त्याचीही साठी उलटलेली असते. घरातला तरुण मुंबईला किंवा पुण्याला असतो. शाकारणी एक वर्ष राहते, मग दुसऱ्या वर्षी राहते, आणि तिसऱ्या वर्षी घरात चर्चा सुरू होते ती थेट ‘कौलं उतरवून पत्रे टाकू या’ अशी.

या चर्चेत सरकार कुठेच नसतं. सरकार येतं ते घर पडल्यावर. आपल्याकडे घराच्या छपरासाठी सार्वजनिक पैसा दोनच वेळा निघतो: नवं घर बांधताना आणि असलेलं घर आपत्तीत पडल्यावर. मधली सगळी वर्षं, म्हणजे घराचं जवळजवळ सगळं आयुष्य, या हिशेबाबाहेर असतं. गळणाऱ्या घराला वेळेवर मिळालेला थोडा पैसा आणि एक जाणता हात हे पडलेल्या घराला दिलेल्या लाखापेक्षा जास्त काम करतात. तरीही गळणाऱ्या घराचा पंचनामा होत नाही. ही चूक दुरुस्त व्हायला हवी, आणि तिची सुरुवात छपरापासूनच व्हायला हवी.

नैसर्गिक आपत्तीत द्यायच्या मदतीचे केंद्राचे निकष पाहिले की मुद्दा लक्षात येतो. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या दरांनुसार पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार रुपये मिळत होते. अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. तेही घराचं किमान १५ टक्के नुकसान झालेलं असेल तर. राज्य सरकार आपल्या तिजोरीतून यात भर घालू शकतं आणि महाराष्ट्राने ती घातलीही आहे. पण १५ टक्क्यांची ती रेघ महत्त्वाची आहे.

आता एक साधं घर घ्या. जमिनीवर ६० चौरस मीटर, म्हणजे साडेसहाशे चौरस फुटांच्या आसपास. पाख्यांचा उतार आणि पुढे काढलेली वळचण धरली तर छपराचं क्षेत्र सहज ८५ ते ९० चौरस मीटर होतं. एका चौरस मीटरला मंगलोरी कौलं साधारण १५ लागतात. म्हणजे या घरावर तेराशेच्या आसपास कौलं. वादळात त्यातली चाळीस उडाली, तर छपराचाच हिशेब केला तरी नुकसान होतं ३ टक्के. भिंती उभ्या, वासे जागेवर, आढं शाबूत. तलाठ्याच्या कागदावर हे घर ‘नुकसान नाही’ या रकान्यात जातं. पण ती चाळीस कौलं कुठली होती? माजघरावरची असतील तर खाली वर्षाचं भात आहे. खोलीच्या कोपऱ्यावरची असतील तर खाली विजेचा मीटर आहे, अंथरुणं आहेत, मुलांची दप्तरं आहेत. टोप, परात, बादली, जे हाताला लागेल ते मांडून घरातली बाई रात्रभर जागी राहते. पाऊस टक्केवारी पाहत नाही. त्याला एक कौल पुरतं.

हे सगळं २०२० साली रायगड-रत्नागिरीने अनुभवलं. ३ जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोलमडले, श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांत कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. आणि छपरं गेली. कुठे झाडाने फोडली, कुठे वाऱ्याने उचलली. त्यानंतर आठच दिवसांनी, ११ जूनला, मोसमी पाऊस महाराष्ट्रात दाखल झाला. टाळेबंदीचे दिवस होते, माणसं आणि माल दोन्ही हलवणं कठीण होतं. राज्य सरकारने नेहमीच्या निकषांपेक्षा वाढीव मदत जाहीर केली, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख रुपये दिले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण पंचनामा, यादी, बँकखातं, वर्ग होणारी रक्कम, या सगळ्याला आठ दिवस कधीच पुरत नाहीत. त्या आठ दिवसांत घराला हवी होती ताडपत्री, दोनशे कौलं, चार वासे आणि वर चढणारा एक माणूस. पैशापेक्षा आधी वस्तू आणि वस्तूपेक्षा आधी हात. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं, तेव्हा नुकतीच सावरलेली काही छपरं पुन्हा उघडी पडली.

वारा छप्पर कसं नेतो, हे थोडं जवळून पाहायला हवं. कारण ‘कौलं उडतात, पत्रे टिकतात’ किंवा नेमकं उलट, अशा दोन ठाम समजुतींच्या मध्ये बरीच घरं उघडी पडतात.

वारा छपराला ढकलून पाडत नाही, वर खेचतो. तो पाख्यावरून वेगाने सरकतो तेव्हा वरचा हवेचा दाब कमी होतो आणि घरातली हवा छपराला खालून उचलते. समोरचं दार किंवा खिडकी फुटली की आत शिरलेला वारा त्यात भर घालतो. सर्वांत जास्त ओढ बसते ती वळचणीला, आढ्याजवळ आणि कोपऱ्यांना. इमारतींवरच्या वाऱ्याचा भार मोजायचं भारतीय मानकातलं सूत्र सोपं आहे: वेगाचा वर्ग गुणिले ०.६. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटरच्या थोडं वर. त्यावरून एका चौरस मीटरला दाब येतो साधारण ६८ किलो वजनाइतका. आता मंगलोरी कौलाचं वजन अडीच किलो धरलं तर चौरस मीटरला ३७-३८ किलो होतात. पोलादी रंगीत पत्र्याचं वजन तेवढ्याच जागेत जेमतेम ५ किलो. म्हणजे त्या आपल्या घरावर कौलांचे सव्वातीन हजार किलो असतात आणि पत्र्यांचे साडेचारशे. कौल स्वतःच्या वजनाने बराच वेळ तग धरतं, पण अशा वाऱ्यात निव्वळ वजन पुरत नाही. पत्र्याला तर वजन नाहीच. तो टिकतो किंवा जातो ते पूर्णपणे स्क्रू, हूक आणि खालच्या लोखंडी पाइपाच्या जोरावर. कौलं उडाली तर दहा-वीस उडतात. पत्रा सुटला तर तो अख्खा जातो, बरोबर शेजारचा घेऊन जातो, आणि हवेत तो पात्यासारखा फिरतो.

जुन्या कोकणी घरांनी हे शास्त्र सूत्राशिवाय ओळखलेलं दिसतं. चारही बाजूंना उतार असलेलं चौपाखी छप्पर वाऱ्याला दुपाखीपेक्षा चांगलं तोंड देतं. त्याला वाऱ्यासमोर उभी राहणारी त्रिकोणी भिंतच नसते. पडवीचं छप्पर मुख्य पाख्यापासून वेगळं, खालच्या पातळीवर काढलेलं असतं. वादळात पडवी गेली तरी माजघर झाकलेलं राहतं. आजचे चक्रीवादळ-सुरक्षित घरांचे सल्ले हेच सांगतात: वळचण दीड फुटापेक्षा फार पुढे काढू नका, जास्त सावली हवी असेल तर ओटीचं छप्पर स्वतंत्र ठेवा. मातीच्या भिंतींना तीन हजार मिलिमीटर पावसापासून वाचवायचं तर लांब वळचण हवी, आणि वाऱ्यापासून वाचवायचं तर आखूड. हा पेच पडवीने सोडवला होता. नवी घरं बांधताना पडवीलाच आधी कात्री लागते, हे पाहून वाईट वाटतं.

मंगलोरी कौल हे मुळात कारखान्याचं अपत्य आहे, म्हणून त्याला ‘जुनाट’ म्हणणंही बरोबर नाही. बासेल मिशनने मंगळूरजवळ जेप्पू इथे १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांची चिकण माती, साच्यात दाबून घडवलेला एकसारखा आकार, कडेला एकमेकांत अडकणाऱ्या खाचा आणि पाठीला रिपेवर अडकणारे उंचवटे. त्याआधी कुंभाराने चाकावर घडवलेली नळ्याची कौलं असत, एक उताणं, एक पालथं. ती हलकी होती, सरकत, फुटत, आणि दर वर्षी चाळावी लागत. मंगलोरी कौलाने हा व्याप पुष्कळ कमी केला, म्हणून ते गोव्यापासून मुंबईपर्यंत किनारा चढत आलं. बऱ्याच कौलांना पाठीमागे एक बारीक भोक असतं. ते तार ओवून कौल रिपेला बांधण्यासाठी आहे. वळचणीच्या दोन ओळी, आढ्याजवळची एक ओळ आणि कोपरे एवढे जरी तारेने बांधले तरी वाऱ्याला पहिली पकड मिळत नाही. या कामाला लागते तारेची एक गुंडाळी आणि एक दिवस. कोकणातल्या किती घरांवर ती भोकं वापरलेली दिसतात? फारच थोड्या.

छप्पर एका दुपारी जातं असं आपण म्हणतो, पण त्याची तयारी कित्येक वर्षं चाललेली असते. माकडाच्या उडीने एक कौल सरकतं. खालची रीप भिजते. भिजलेल्या लाकडाला वाळवी लागते, किंवा भुंगा आत शिरतो आणि जमिनीवर पिठासारखा भुगा पडू लागतो. रीप वाकते, तिच्यावरची ओळ उघडते, मग वाशाचं भिंतीवर टेकलेलं टोक कुजतं. बाहेरून घर ठणठणीत दिसतं. दाभण घेऊन वाशाच्या त्या टोकात टोचून पाहिलं तर लोण्यात शिरावं तसं आत जातं. हे घर वादळाने पाडलं असं पंचनाम्यात लिहिलं जाईल. खरं तर ते चार शाकारण्या चुकल्यामुळे पडलेलं असतं.

मग पत्रे टाकणाऱ्याचं चुकतं का? नाही. कोकणातला माणूस उगाच कौलं उतरवत नाही. माकडांचे कळप वाढले आहेत, सकाळी शाकारलेलं पाखं संध्याकाळी विस्कटलेलं सापडतं, आणि एकट्या राहणाऱ्या सत्तरीतल्या बाईने शिडीवर चढावं अशी अपेक्षा कोणी करू नये. घर आठ महिने बंद राहणार असेल तर कौलाचा भरवसा वाटत नाही. अशा घरावर पत्रा हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. पण तो नीट घातला पाहिजे. बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारा पातळ पत्रा, लांब-लांब अंतरावर टाकलेले पाइप आणि हाताला लागतील तेवढे स्क्रू असं छप्पर खारट हवेत चार-पाच पावसाळ्यांत सैल होतं. स्क्रूखालचं रबर उन्हाने तडकतं, तिथून पाणी शिरतं, भोक गंजून मोठं होतं, आणि पुढच्या वादळात पत्रा त्याच भोकातून निसटतो. पत्र्याचीही शाकारणी असते: दर मे महिन्यात स्क्रू तपासणं, वॉशर बदलणं, वळचणीच्या ओळीला जास्त हूक देणं. पत्रा टाकला की देखभाल संपली, असं विकणारे सांगतात आणि घेणारे मानतात. तिथे घात होतो.

स्लॅबची कथा याहून वेगळी नाही. स्लॅब म्हणजे पक्कं घर ही समजूत खोलवर रुजली आहे, आणि गच्चीवर भात-कोकमं वाळत घालता येतात हा फायदाही खरा आहे. पण समुद्राची खारी हवा काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून सळईपर्यंत पोचते. गंजलेली सळई फुगते, खालचं काँक्रीट पोपड्यासारखं सुटून पडतं. वीस-पंचवीस वर्षांच्या स्लॅबखाली उभं राहून वर पाहिलं की तांबूस रेघांची जाळी दिसते. मग गळती थांबवायला त्या स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभा करून पत्र्याचं छप्पर घातलं जातं. किनाऱ्यावरच्या गावांतून एकदा फिरून पाहावं: एका घराला दोन छपरं, आणि दोन्हींचे हप्ते एकाच पगारातून.

सिमेंटच्या पत्र्यांबद्दल मात्र हातचं राखून बोलू नये. आपल्याकडे ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणून जो स्वस्त, करडा, नागमोडी पत्रा सर्रास वापरला जातो, त्यात बहुतेक वेळा अॅस्बेस्टॉस असतं. अॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसात कर्करोग घडवतात, हे जागतिक आरोग्य संघटना स्पष्टपणे सांगते. साठाहून जास्त देशांनी त्यावर बंदी घातली आहे. भारताने त्याच्या खाणींना परवाने देणं थांबवलं, आयात आणि वापर मात्र सुरू ठेवला. छपरावर शाबूत बसलेला पत्रा सहसा त्रास देत नाही. धोका असतो तो कापताना, भोक पाडताना आणि फुटल्यावर, कारण तेव्हा डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत जातात आणि छातीत कायमचे बसतात. वादळानंतर नेमकं काय होतं? फुटलेल्या पत्र्यांचे ढीग अंगणात पडतात, मुलं त्यांवर खेळतात, तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात भरले जातात, आणि नवे पत्रे करवतीने कापून बसवले जातात. सरकारी मदतीच्या साहित्यात हे पत्रे नसावेत. फुटलेले तुकडे पाणी मारून ओले करून, तोंडाला मास्क लावून, जाड प्लास्टिकमध्ये बांधून उचलावेत, आणि ते काम ग्रामपंचायतीने करावं, घरातल्या बाईने झाडूने नव्हे. या पत्र्यावर पाय देऊन चढणंही जिवावर बेतणारं आहे. तो वरून मजबूत दिसतो आणि मधोमध वजन पडलं की एकदम तुटतो. खिळ्यांच्या ओळीवर फळी टाकून तिच्यावरच चालायचं असतं. हे सांगणारं कोणी नसल्यामुळे माणसं पडतात.

कौलाच्या बाजूने लिहिताना दुरुस्तीचं कौतुक आंधळं होऊ नये, म्हणून मराठवाड्याची आठवण काढायलाच हवी. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारी-सास्तूर परिसरातली गावं भूकंपाने काही सेकंदांत ढिगारा झाली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यातली बहुतेक माळवदाखाली आणि दगडी भिंतींखाली. माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर मातीचा थर. उन्हाळ्यात गार, बांधायला स्वस्त, गच्चीसारखं वापरता येणारं. पण गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर माती टाकली जाई. जुनी काढायची नाही, नवी वर घालायची. पिढ्यान्‌पिढ्या असं होत तो थर एक-दोन फूट जाड झाला. निष्ठेने केलेली देखभालच छपराचं ओझं वाढवत गेली. दोन दगडी कातड्यांच्या, मध्ये भर टाकलेल्या भिंतींना ते भूकंपात पेललं नाही. माणसं गळतीला घाबरत होती, वजनाचं भय त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

त्याच किल्लारीने पुढचा रस्ताही दाखवला आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारने जो पुनर्वसनाचा कार्यक्रम घेतला, त्यात पन्नासहून अधिक गावं नव्या जागी वसवली गेली, त्यांची चर्चा खूप झाली. पण दुसरा भाग कमी लोकांना माहीत आहे. जिथे घरं पूर्ण पडली नव्हती, अशा शेकडो गावांत लाखाहून जास्त घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांनी स्वतः केलं. पैसे टप्प्याटप्प्याने खात्यात, साहित्याची सोय सरकारकडून, आणि सल्ल्याला अभियंता. माळवदावरची जादा माती उतरवा, भिंतीच्या दोन कातड्यांना जोडणारे आरपार दगड बसवा, वरून पट्टा बांधा, अशी अगदी हाताने करायची कामं. म्हणजे गळक्या, तडकलेल्या पण उभ्या घरासाठी सार्वजनिक पैसा खर्च करणं या राज्याला नवीन नाही. एकदा केलेलं आहे, मोठ्या प्रमाणावर केलेलं आहे. फक्त त्यासाठी आठ हजार माणसं जावी लागली.

घरकुलांच्या योजनांतही दुरुस्तीची जागा कधी काळी होती. इंदिरा आवास योजनेत १९९९-२००० पासून निधीचा पाचवा हिस्सा मोडकळीला आलेली कच्ची घरं सुधारण्यासाठी राखलेला होता. त्या योजनेची जागा घेणाऱ्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात भर आहे तो किमान २५ चौरस मीटरच्या नव्या पक्क्या घरावर. बेघर माणसाला नवं घर मिळालंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण ज्याचं शंभर वर्षांचं किंजळाच्या-सागाच्या वाशांचं घर आहे आणि फक्त एका बाजूचं पाखं बसलं आहे, त्याच्यासमोर योजना एकच वाट ठेवते: हे पाडा आणि नवं बांधा. सांगाडा चांगला असताना पाडलेलं घर हे गावाचं नुकसान आहे. त्या लाकडाचं आजच्या बाजारात मोल काय होतं हे वखारवाल्याला विचारावं.

मालकीची गाठ त्याहून अवघड आहे. कोकणातलं घर अनेकदा सामाईक असतं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर आजोबांचं नाव, वारस मुंबई, ठाणे, बडोद्याला विखुरलेले, आणि प्रत्यक्ष घरात राहते ती एका भावाची विधवा. छप्पर तिच्या डोक्यावर गळतं, पण दुरुस्तीचा अर्ज करायचा तर अकरा जणांच्या सह्या लागतात. वाटणीच्या वादात असलेल्या घरावर कोणी पैसा घालत नाही, कारण घातलेला पैसा कोणाच्या हिश्श्यात जाईल हे ठरलेलं नसतं. म्हणून मदत मालकी पाहून देण्यापेक्षा राहणारी व्यक्ती पाहून द्यायला हवी. कौल शाकारल्याने कोणाचा हक्क बनत नाही आणि कोणाचा जात नाही. एवढं एका ओळीत शासन निर्णयात लिहिलं तरी पुष्कळ दारं उघडतील.

आपत्तीच्या मदतीत छपराचा वेगळा रकाना असावा आणि त्याला १५ टक्क्यांची अट नसावी. वादळानंतर तीन दिवसांत ताडपत्री, आठ दिवसांत कौलं, रिपा, तार हे साहित्य घरी पोचावं, रोख रकमेचा हिशेब मागाहून चालू द्यावा. यासाठी कौलं आधी जमवलेली हवीत. आज एखादं कौलारू घर पाडलं जातं तेव्हा त्याची हजार-पंधराशे कौलं गडग्याच्या कडेला फेकली जातात किंवा चिखलात भर म्हणून वापरली जातात. चांगलं भाजलेलं मंगलोरी कौल दोन-तीन पिढ्या टिकतं आणि दुसऱ्या घरावर सहज बसतं, फक्त एका साच्याची कौलं एकत्र ठेवावी लागतात, नाहीतर खाचा जुळत नाहीत. प्रत्येक ग्रामपंचायतीने अशी थप्पी शाळेमागे किंवा समाजमंदिराच्या आवारात रचून ठेवली तर तो गावाचा विमाच आहे. मग हातांचा प्रश्न. सुतार, गवंडी, वायरमन यांचं प्रशिक्षण आयटीआयमध्ये मिळतं. छप्पर तपासणं, कौलं बसवणं, पत्रा नियमाने ठोकणं, कमरेला पट्टा-दोरी लावून सुरक्षित चढणं, याचा दोन महिन्यांचा अभ्यासक्रम दापोली, गुहागर, मालवण, श्रीवर्धन अशा तालुक्यांत चालवता येईल. शिकवायला आजचे साठी ओलांडलेले शाकारणीवाले अजून आहेत. दहा वर्षांनी ते नसतील.

१ मे रोजी महाराष्ट्र दिनाला गावोगाव ग्रामसभा भरते. सुट्टीला आलेले चाकरमानीही त्या सुमाराला गावात असतात. त्या सभेत पाणीटंचाईच्या विषयानंतर छपराचा विषय घेता येईल. वाडीवार लिहून काढायचं: किती घरं कौलारू, त्यांतली कोणती गेल्या दोन वर्षांत शाकारलेली नाहीत, कोणत्या घरात एकटं म्हातारं माणूस राहतं, कोणाच्या परसात जुन्या कौलांची थप्पी पडून आहे, आणि वर चढणारे हात किती. एक वही आणि दोन संध्याकाळी यापलीकडे याला काही लागत नाही. त्यानंतर पाऊस यायला महिनाभर असतो, आणि शाकारणीला एका घरामागे दोन दिवस पुरतात.